चोथ्याची थालीपिठं

ही गोष्ट २०१९ सालची. जानेवारीत आमच्या डॉक्टर यशश्रीबाईंनी ह्यांचा रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "काका, तीन महिन्यांची सरासरी साखर आठ पॉइंट तीन. नुसत्या गोळ्या आता पुऱ्या पडत नाहीत. एप्रिलपर्यंत खाली आली तर ठीक, नाहीतर इन्सुलिन." मग जाता जाता माझ्याकडे वळल्या. "काकू, तुम्हीही काठावर आहात. सहा पॉइंट चार. जपा."

माझ्याकडे कोणी लक्ष दिलं नाही, मीसुद्धा नाही. कारण हे खुर्चीत पांढरेफटक पडले होते.

हे म्हणजे माझे यजमान उमाकांत. चौतीस वर्षं विमानाच्या सरकारी कारखान्यात इंजिनं तपासली. बेंगळुरात, येलहंक्याला, आमच्या गच्चीवरून विमान गेलं की अजूनही नुसत्या आवाजावरून त्याच्या तब्येतीबद्दल बोलतात. असा माणूस फक्त सुईला भ्यायचा. त्याला कारण होतं. माझ्या सासूबाईंना अठ्ठ्याहत्तर साली इन्सुलिन सुरू झालं. तेव्हा काचेची सिरिंज असायची. हे रोज सकाळी ती पातेल्यात उकळून आईला टोचायचे आणि मग कारखान्याची बस पकडायचे. दोन वर्षांनी सासूबाईंचा पाय गुडघ्याखालून कापला, आणि त्या दिवाळीपर्यंतही राहिल्या नाहीत. सुईमुळे पाय गेला नव्हता, सुई फार उशिरा सुरू झाली म्हणून गेला होता. पण ह्यांच्या डोक्यात सुई आणि पाय यांची जी गाठ बसली ती बसलीच.

"सुलभा, मी सुई घेणार नाही," घरी आल्यावर म्हणाले. चेष्टा करण्यासारखा चेहरा नव्हता, म्हणून मी केली नाही. तेवढा एकच दिवस.

दुसऱ्या दिवशी पार्कातून हे गुरुप्रसादला घेऊन आले. गुरुप्रसाद हा ह्यांचा सकाळच्या फिरण्याचा सोबती. घराणं मराठी, पण पाच पिढ्या बेंगळुरात मुरलेलं, त्यामुळे त्याचं मराठी निम्मं कन्नडात चालतं. पार्काच्या फाटकावर स्टीलच्या कॅनमधून कोहळ्याचा, कारल्याचा, कसलाकसला रस विकतात, त्याचा हा फुकट प्रचारक.

"अण्णा, स्वल्प विचार करा," तो सोफ्यावर मांडी घालून म्हणाला. "गाय दिवसभर चावत बसते. आपल्याला तेवढा टाइम आहे काय? मशीन चावतंय, आपण पितोय. सरी ना?"

"मग दातही मशीनलाच देऊन टाक," मी म्हटलं.

"अक्का, तुम्ही नगू नका, हसू नका. माझी शुगर बघा."

"तुला शुगर होतीच कधी?"

"तेच तर सांगतोय!"

ह्या युक्तिवादावर माझे इंजिनिअर यजमान भाळले. त्यांनी शहराच्या दुसऱ्या टोकाला, व्हाइटफील्डला, मुलाला, मकरंदला, फोन लावला आणि तिसऱ्या दिवशी रसाचं यंत्र घरी आलं. मकरंद आणि सूनबाई आले नाहीत, कारण व्हाइटफील्डहून येलहंक्याला यायला लागतो तेवढ्या वेळात माणूस पुण्याला पोचतो. सूनबाई वल्लरीने व्हिडिओवर यंत्र कसं लावायचं ते दाखवलं.

"बाबा, हे कोल्ड प्रेस आहे. ह्यात न्यूट्रिएंट्स मरत नाहीत."

"म्हणजे जिवंतच प्यायचे?" मी विचारलं. तिने ऐकलं नाही असं दाखवलं. शहाणी मुलगी.

पहिल्या दिवशी ह्यांनी निव्वळ कारल्याचा रस काढला. एक घोट घेतला आणि बेसिनपाशी बराच वेळ उभे राहिले. दुसऱ्या दिवशी त्यात अर्धं सफरचंद घातलं. इंजिनिअर माणूस, रोज सुधारणा. आठवड्याभरात हिशेब असा झाला: दोन सफरचंदं, तीन गाजरं, एक बीट, एक संत्रं, आणि अंगठ्याएवढं कारलं. कारलं तिथे लग्नातल्या लांबच्या आत्यासारखं, बोलावलं नाही असं व्हायला नको म्हणून. असे सकाळी दोन पेले, संध्याकाळी एक. "औषध आहे," असं म्हणून मिशीवरची लाल रेघसुद्धा पुसायचे नाहीत.

एक मात्र कबूल करते. पन्नास वर्षांच्या संसारात ह्या माणसाने बटाट्याशिवाय भाजी मनापासून खाल्ली नव्हती. बीट आणि कारलं ह्यांच्या पोटात जाताना मी पहिल्यांदा पाहिलं. तरतरी वाटते म्हणायचे, आणि वाटतही असेल.

यंत्राच्या एका तोंडातून रस यायचा आणि दुसऱ्यातून चोथा. रोज चांगला वाडगाभर. वल्लरी म्हणाली होती, कुंडीत टाका. कुंडीत! मी मिरजेची. आमच्याकडे दोडक्याच्या शिरांची चटणी व्हायची, कलिंगडाच्या पांढऱ्या भागाची भाजी व्हायची. मी तो चोथा भाजणीत मळला, कांदा, मिरची, कोथिंबीर घातली आणि थालीपिठं लावली. रंग असा, की पाहुण्यांसमोर ठेवायची सोय नव्हती. पण चव फार छान. सकाळी दोन खाल्ली की दुपारपर्यंत भूक नाही. माझे रोजचे पोहे सुटले, वरचं केळं सुटलं, चार वाजताची बिस्किटंही सुटली.

"गुरांचं खाणं खातेस," हे पेला उंचावून म्हणायचे.

"तुम्ही माणसांचं प्या."

एप्रिलमध्ये दोघांची तपासणी झाली. ह्यांनी रक्त देताना डोळे मिटले आणि एकापासून मोजायला लागले, ते ती मुलगी कापूस लावून पुढच्या माणसाकडे गेली तरी मोजतच होते. संध्याकाळी रिपोर्ट आले. ह्यांची साखर नऊ पॉइंट सहा. माझी पाच पॉइंट नऊ.

"अदलाबदल झाली आहे," हे म्हणाले.

"हो, तुमच्या रक्ताने माझं नाव घेतलं."

रिक्षा करून दुसऱ्या लॅबमध्ये गेले. तिथेही तेच. तेव्हा कुठे यशश्रीबाईंकडे गेलो. ह्यांनी कागदावर यंत्राची आकृती काढली, कुठून फळ जातं, कुठून रस येतो, बाण वगैरे. डॉक्टरांनी चोथ्याच्या बाणावर पेन ठेवलं.

"आणि ह्याचं काय करता?"

"ही खाते," हे म्हणाले, माझी तक्रार करावी तसं.

डॉक्टर हसल्या नाहीत, पण त्यासाठी त्यांना खिडकीबाहेर बघावं लागलं. मग म्हणाल्या, "काका, रस वाईट नाही. दात नाहीत, चावता येत नाही, आजारातून उठलाय, अशा माणसाला जरूर द्या. पण तुम्ही चार फळांची साखर दोन मिनिटांत पोटात ओतलीत. तिला आत हळूहळू सोडणारी चीज होती, ती तुम्ही..." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काकूंना दिलीत. आणि काकू, तुम्हीही फार फुशारू नका. पोहे, केळं, बिस्किटं सुटली, त्याचंही ते फळ आहे."

मग त्यांनी इन्सुलिन लिहून दिलं.

 परतताना रिक्षावरून विमान गेलं, तरी ह्यांनी मान वर केली नाही.

सकाळी पलंगावर बसले, पाय वर घेतले आणि दोन्ही हातांनी घोटे घट्ट धरले, जणू मी ते घेऊन पळणार होते. डोळे मिटलेले. मी इन्सुलिनचं पेन पोटाला लावलं, दाबलं, दहापर्यंत मोजलं, काढलं.

"टोच ना एकदाची," हे म्हणाले.

"झालं."

"झालं?"

डोळे उघडून त्यांनी पेन हातात घेतलं. सुई तांदळाच्या दाण्याएवढीही नव्हती. बराच वेळ ती उजेडात धरून बघत राहिले.

"एवढीशी," म्हणाले. "आईला मी केवढी टोचायचो, सुलभा."

मग भिंतीकडे तोंड केलं. मी चहा ठेवायला गेले आणि मुद्दाम उशीर लावला.

त्याला आता काही वर्षं झाली. गुरुप्रसाद रस सोडून भिजवलेल्या नाचणीच्या पाण्यावर गेला आणि सध्या तो उपाशीपोटी तूप खातो. त्याला अजूनही मधुमेह नाही आणि त्याचं श्रेय दर वर्षी बदलतं. रसाचं यंत्र त्याच्या आईला दिलं. म्हातारीला एकही दात नव्हता. शेवटची दोन वर्षं तिने गाजराचा आणि पपईचा रस मोठ्या आवडीने प्यायला आणि ब्याण्णवाव्या वर्षी झोपेत गेली. मकरंद आणि वल्लरी लॉकडाऊनमध्ये पुण्याला गेले आणि तिथेच राहिले. यशश्रीबाईंनी म्हैसूरला स्वतःचा दवाखाना काढला. माझा चोथा बंद झाला, पोहे परत आले, आणि त्यांच्यामागून साखरही. मी आता रोज एक गोळी घेते.

हे एक्याऐंशी वर्षांचे आहेत. दोन्ही पायांवर रोज पार्काला चार फेऱ्या मारतात. नव्याने इन्सुलिन सुरू झालेला कोणी भेटला की त्याला बाकावर बसवून, शर्ट वर करून, स्वतःच्या पोटावर सगळं समजावून सांगतात. पार्कातल्या बायकांनी चालायची वेळ बदलली आहे.