टाचेवरची फक्की

सामन्याच्या आधी वेणीमाधव सर मैदान बघत नसत, रेफ्री बघत. गवत किती आणि चिखल किती हे कोणीही बघतं. पण शिट्टी कोणाच्या गळ्यात आहे आणि तो गळा कुठल्या गावचा, याची चौकशी करणारा कोच अख्ख्या नाशिकात हा एकच.

हे त्यांच्याकडे घरातून आलं होतं. वडील रामकुंडावर यात्रेकरूंची कामं करायचे. आलेल्या माणसाला आडनाव विचारायचं, गाव विचारायचं आणि तिसऱ्या वाक्याला त्याच्या आजोबांची आठवण काढायची. माणूस तिथेच विरघळायचा. वेणीमाधव विमा कार्यालयात नोकरीला लागले, संध्याकाळी मुलींना फुटबॉल शिकवू लागले, पण जीभ रामकुंडावरचीच राहिली. रेफ्रीकडे त्यांनी कधी काही मागितलं नाही, इतके ते कच्चे नव्हते. "जरा कानावर घालून ठेवतो," एवढंच म्हणायचे आणि जायचे.

खरं पाहिलं तर या कानावर घालण्यातून संघाच्या पदरात फारसं काही पडलं नव्हतं. कुठे एखादा थ्रो-इन, कुठे एखादं टळलेलं पिवळं कार्ड. तेही कशामुळे टळलं हे देवाला माहीत. पण सरांच्या लेखी ती सगळी त्यांची कमाई. गोल मात्र मुलींनी मारलेले.

"सर रेफ्रीचं कुळ काढून आले," कॅप्टन सई बूट बांधता बांधता म्हणायची, "आता खेळायला हरकत नाही."

मुलींसाठी सरांचं एकच वाक्य ठरलेलं होतं : "माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे." सई चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून त्याची हुबेहूब नक्कल करायची आणि सगळ्या हसायच्या. हसायची नाही ती स्नेहल गावित, गोलकीपर. पेठ तालुक्यातली, नाशिकला वसतिगृहात राहून कॉलेज करणारी. कोणी काही बोललं की ते तसंच असतं, असं धरून चालणारी मुलगी. अशा मुलीला पूर्ण विश्वास म्हणजे पूर्णच वाटतो.

मागच्या वर्षी उपांत्य सामन्यात तिने एक पेनल्टी अडवली होती. पण चेंडूला पाय लागायच्या आधीच ती रेषा सोडून पुढे आली होती. गोलकीपरचा एक तरी पाय रेषेवर हवा. रेफ्रीने पेनल्टी पुन्हा मारायला लावली, गोल झाला, संघ हरला. त्या दिवशी बसस्टॉपवर तिने विचारलं होतं, "सर, पुढच्या वर्षी मला ठेवाल ना?"

"अगं, माझा पूर्ण विश्वास आहे तुझ्यावर," सर म्हणाले होते.

मग वर्षभर ती सराव संपल्यावर थांबायची. एक पाय ओढणीने गोलपोस्टला बांधायची आणि सईला म्हणायची, "मार." सई मारायची. ही कधी तोंडावर पडायची, कधी ओढणी फाटायची. दिवाळीनंतर ओढणी बांधायची गरजच उरली नाही. पाय आपसूक रेषेवर राहायला लागला. सर हे सगळं मैदानाच्या कडेला उभं राहून बघायचे आणि मान डोलवायचे.

यंदा अंतिम सामना मनमाडच्या मुलींशी होता. कप समोर टेबलावर मांडलेला. वेणीमाधवांनी आयुष्यात एकही कप घरी नेलेला नव्हता. रेफ्री निघाले देवरे. सरांचा चेहरा उजळला.

"देवरे म्हणजे बागलाणातले?"

"हा, सटाण्याकडचाच शे मी," देवरे हसले.

"तरीच. आमच्या वडिलांकडे यायचे तुमच्याकडचे देवरे, श्राद्धाला. मोठी भली माणसं."

तिसरं वाक्य झालं होतं. इथे थांबले असते तर काही बिघडलं नसतं. पण सरांच्या डोळ्यांसमोर मागच्या वर्षीची पेनल्टी आली. पोरगी घाबरली, पुन्हा पुढे आली आणि याने कार्ड काढलं तर? आधीच एक पिवळं असलं तर बाहेरच जाईल. आधी सांगून ठेवलेलं बरं. दिवाळीनंतरचे सगळे दिवस त्यांनी त्या एका पेनल्टीपुढे खोडून टाकले.

"एक कानावर घालून ठेवतो," आवाज खाली आणत ते म्हणाले. "आमची गोलकीपर खेड्यातली पोर आहे. पेनल्टीला रेषा सोडायची सवय आहे तिला. मुद्दाम नाही करत. तसं झालं तर जरा सांभाळून घ्या. कार्डबिर्ड नको, समजावून सांगा."

"बरं झालं सांगितलंत," देवरे म्हणाले. "लक्ष ठेवतो."

सर समाधानाने परत आले आणि मुलींना गोल उभं करून म्हणाले, "माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे." स्नेहलने मोजे वर ओढले आणि मान हलवली.

सामना शेवटापर्यंत बरोबरीत राहिला, कोणाचाच गोल नाही. अगदी संपत आला असताना सईचा हात चेंडूला लागला. पेनल्टी. मनमाडच्या मुलीने डावीकडे जोरात मारली, स्नेहल डावीकडेच झेपावली आणि चेंडू तिच्या पंजावर आदळून बाहेर गेला. बाकावरच्या मुली मैदानात धावल्या. सरांनी बाजूच्या अनोळखी माणसाला मिठी मारली.

शिट्टी वाजली. देवरे रेषेकडे बोट दाखवत होते. पुन्हा मारा.

स्नेहल उठली. पायांकडे बघितलं, रेफ्रीकडे बघितलं आणि परत जाऊन उभी राहिली. पण या वेळी पाय रेषेवर ठेवायच्या नादात ती हललीच नाही. चेंडू तिच्या बाजूने सावकाश आत गेला. कप मनमाडला गेला.

बक्षिसं वाटून झाल्यावर देवरे पाणी पीत उभे होते. स्नेहल त्यांच्याजवळ गेली. सर मागेच बॉलची जाळी भरत होते.

"सर, पाय कुठं होता माझा?"

"पुढे होता, पोरी. वाटलं तरी तसंच." देवरे माणूस वाईट नव्हते. त्यांनी मायेनेच पुढचं सांगितलं. "तुझ्या सरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, रेषा सोडायची सवय आहे म्हणून. त्यामुळे माझी नजर तिथेच. पण त्यांच्या शब्दाखातर कार्ड नाही हो दिलं तुला."

जाळीची दोरी सरांच्या हातातच राहिली. त्यांनी मागितलं होतं ते त्यांना तंतोतंत मिळालं होतं.

स्नेहल वळली. सरांसमोर येऊन तिने उजवा पाय मागे उचलला, घोड्याला नाल मारताना उचलतात तसा, आणि बुटाची टाच दाखवली. टाच पांढरी होती. मैदानावर रेषा आखतात त्या फक्कीने भरलेली.

"दाबून ठेवला व्हता, सर."

"अगं, तुझ्या भल्यासाठीच..."

"मला नाय सांगितलं तुम्ही. मला सांगितलं असतं तर मी तुम्हाला दाखवला असता." तिने पाय खाली ठेवला. "वर्षभर तुम्ही बघत व्हते ना?"

सईने त्या दिवशी नक्कल केली नाही.

घरी बायकोने, मालिनीबाईंनी, सगळं ऐकून घेतलं. भाजी निवडत होत्या, हात थांबला नाही. "म्हणजे रेफ्रीवर तुमचा विश्वास होता, देवऱ्यांच्या आजोबांवर होता," त्या म्हणाल्या. "उरलेला मुलींना वाटलात."

"आता जखमेवर मीठ चोळू नकोस."

"मीठ नाही चोळत. माफी मागा म्हणते."

दुसऱ्या दिवशी सर वसतिगृहावर गेले. पण कुठे, तर आधी ऑफिसात, वॉर्डन वत्सलाबाईंकडे. खुर्ची ओढून म्हणाले, "मॅडम, जरा तिच्या कानावर घालाल का, की माझा हेतू वाईट नव्हता..." वाक्य अर्ध्यात असतानाच आपण काय करतोय ते त्यांना ऐकू आलं. वत्सलाबाई म्हणाल्या, "ती वर आहे. बोलावते. तुमचं तुम्ही बोला."

स्नेहल आली. केस धुतलेले, खांद्यावर तीच फाटकी ओढणी. सर म्हणाले, "माझं चुकलं." हे दोन शब्द त्यांनी कोणाच्या मार्फत न पाठवता स्वतः आणून दिले होते आणि ते फार हलके निघाले.

"मी येते सरावाला," ती म्हणाली. "फुटबॉल नाय सोडायचा मला."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तो उतरवायला सरांकडे जीभ होती.

ती आली. रोज येते. यंदाच्या मोसमात सर कोणत्याही रेफ्रीजवळ जात नाहीत, साधा नमस्कारही लांबून करतात. हा माणूस अलीकडे चढेल झालाय असं रेफ्री आपसात बोलतात. पूर्ण विश्वासाचं वाक्य त्यांनी सोडून दिलंय. पहिल्यांदा ते न बोलताच बाकाकडे वळले तेव्हा मुलींनी क्षणभर वाट पाहिली, मग आपापल्या जागी गेल्या. आणि गंमत म्हणजे, बोलायचे तेव्हा नव्हता एवढा विश्वास आता त्यांना आहे. तो ठेवायचा कोणापाशी हेच कळत नाही.

सामना सुरू होण्याआधी ते बाकावर बसतात, दोन्ही हात मांड्यांखाली घालून. स्नेहल गोलमध्ये जाऊन उभी राहते. बाकीच्या गोलकीपर अशा वेळी हातमोजे नीट करतात, चेंडू बघतात. ती सरांकडे बघत असते. पेनल्टी मारणारा कुठल्या बाजूला वळणार, हे ओळखायला बघतात तसं. रेफ्री मैदानाच्या मध्यावर येतो, शिट्टी तोंडाशी नेतो. सर जागचे हलत नाहीत.

शिट्टी वाजते आणि मगच ती नजर काढून घेते.