कैमानावाची घोडी

बादलीतलं पाणी चार बोटं उतरलं होतं — म्हणजे रात्री कधीतरी ती प्यायली. सिद्धीने बादली हलवून पाहिली, पाण्यावर गवताची एक काडी फिरत होती... आणि घोडी उंच कुंपणाच्या आत, लांबच्या कोपऱ्यात, नेहमीसारखी पाठ करून उभी.

कैमानावाच्या डोंगरांतून हेलिकॉप्टरने हाकून आणलेल्या जंगली घोड्यांतली ही एक. तिथली दुर्मिळ रोपटी जगायची तर कळप आटोक्यात ठेवावा लागतो, हे सिद्धीला पटत होतं. पण घर न मिळालेले घोडे कत्तलखान्यात जातात हे तिला सहन होईना, म्हणून पुकेकोहे गावातल्या आपल्या जमिनीच्या तुकड्यावर तिने हिला आणलं. दोन महिने झाले, बया मान वळवून बघायला तयार नाही. आज या घोड्यांना घरं शोधून देणाऱ्या संस्थेतल्या बाईंचा फोन येणार — ठेवतेस की परत नेऊ? परत म्हणजे कुठे, ते सांगायची गरज नव्हती.

"खाल्लं का गं तिनं?" मागून बाबा आले. आई गेल्यावर पुण्याचा फ्लॅट विकायला लावून सिद्धीनेच त्यांना इथे परदेशात आणलं होतं. एकटे कसे राहणार? तेही हल्ली ती ऑफिसला गेल्यावरच जेवतात, संध्याकाळी ओट्यावर धुऊन पालथं घातलेलं ताट तेवढं दिसतं...

"खाते. मी नसताना."

"मग नको ना सारखी येऊन बघूस. कुणी बघत राहिलं की घास उतरत नाही."

तिला एकदम राग आला. एवढं करतेय मी — थंडीत उठून गवत, पाणी, सगळं — आणि मला साधं कुणी वळून बघूही नये? मग त्या रागाचीच लाज वाटली. घोडी जगावी एवढंच नव्हतं हवं मला. तिने माझ्याजवळ यावं, आनंदात दिसावं, हेही हवं होतं. आणि बाबांनीही.

खिशातला फोन वाजला. "किया ओरा, सिद्धी!" संस्थेतल्या बाईंनी इथल्या रीतीने नमस्कार केला. "काय ठरवलंस?"

"राहील इथेच," ती इंग्रजीत म्हणाली.

"स्वीट ॲज!" बाई खूश झाल्या.

बाबा शालीत हात गुंडाळून कुंपणापलीकडे कुठेतरी बघत होते. बाबा, तुम्हाला परत जायचंय का — प्रश्न अगदी ओठांवर आला, आणि तिथेच थांबला. ते हो म्हणाले तर... जायला त्यांना घरच कुठे ठेवलं होतं तिने.