एक ते दोनचा गट

सुल्माने बेल दाबली, कानामागची पेन्सिल काढली आणि दार उघडायच्या आतच प्रश्न तयार ठेवला.

"काल रात्री तुमच्या टेबलावर किती माणसं जेवली?"

"पुन्हा?" ग्रासिएला दारातच हसत सुटली. "अगं बाई, त्या दिवशी सांगितलं की, आठ! खुर्च्या कमी पडल्या म्हणून नातवंडं पलंगावर बसली होती."

"ते एकोणतीस तारखेचं होतं. ते बाद झालं. आता कालचं सांग, मंगळवारचं."

ग्रासिएलाचं हसू ओसरलं. "काल? काल मी आणि मांजर. मांजर धरतेस का?"

"नाही."

"मग लिही एक."

चूक सुल्माचीच होती. अडुसष्टाव्या वर्षी तिने रात्रशाळेत नाव घातलं, तेव्हा घरात बसून भिंतींशी बोलण्यापेक्षा गणित बरं, एवढाच तिचा हिशेब होता. यामिलाबाईंनी गृहपाठ दिला: तीस घरांत एकच प्रश्न विचारायचा, ताळ्याच्या खुणा करायच्या, आकड्यांचे गट पाडून वारंवारता सारणी करायची आणि आलेख कागदावर एकमेकांना चिकटलेले स्तंभ उभे करून आयतालेख काढायचा. सुल्मा दुसऱ्याच दिवशी सकाळी पेन्सिल घेऊन इमारतभर फिरली आणि आदल्या रात्रीचं विचारून आली. आदल्या दिवशी एकोणतीस तारीख होती. एकोणतीसला न्योकी, म्हणजे उकडलेल्या बटाट्याचे छोटे उंडे, करायचे, बरकतीसाठी ताटाखाली नोट ठेवायची आणि सगळ्या गोतावळ्याला जेवायला बोलवायचं, हे मोन्तेविदेओत इतकं अंगवळणी पडलेलं की तिच्या ते ध्यानातच आलं नाही.

यामिलाबाईंनी सात ते आठचा उंच स्तंभ पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"सुल्मा, ही माहिती नाही, ही जत्रा आहे! पुन्हा विचार. साधा दिवस धर."

अख्खा वर्ग खो खो हसला. सुल्माही हसली, पण तिचे कान गरम झाले होते. तिसावं घर तिचं स्वतःचं होतं आणि ते तिने कोरंच सोडलं होतं. जत्रेच्या दिवशी आपल्या टेबलावर किती माणसं होती, हे तिला भर वर्गात सांगायचं नव्हतं. नवरा गेला त्याच वर्षी मुलगा स्पेनला गेला. तेव्हापासून ती रेडिओसमोर बसून जेवायची आणि या इमारतीत असं जेवणारी आपण एकटीच, असं तिला वाटायचं.

आता दुसऱ्या फेरीत आकडे घसरत चालले होते. एक, दोन, एक, तीन, पुन्हा एक. त्या दिवशी दारातून ओरडून सात सांगणारी माणसं आज चपलेकडे बघत एक म्हणत होती. सुल्माला वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं, आणि त्याची लाज वाटली.

शेवटचं दार पिरिसचं. बंदरावर क्रेन चालवून निवृत्त झालेला हा उंच माणूस, इथल्या कितीतरी जणांसारखा, काखेत चहाच्या पाण्याचा थर्मास धरूनच दार उघडायचा.

"दोन," प्रश्न संपायच्या आत तो म्हणाला.

एकोणतीसलाही त्याने दोनच सांगितलं होतं. त्याच्या स्वयंपाकघराची खिडकी सुल्माच्या खिडकीच्या बरोबर समोर, मध्ये फक्त हवेचा चौक. काल रात्री तो शेगडीपाशी उभ्या उभ्या पातेल्यातूनच जेवत होता, हे तिने पाहिलं होतं. तरी तिने दोन लिहिलं. माणूस सांगेल ते लिहायचं, असा बाईंचा नियम होता. शिवाय सारणीत एक ते दोन हा एकच गट होता. त्याने खरं सांगितलं काय आणि खोटं सांगितलं काय, खूण त्याच रकान्यात पडणार होती आणि स्तंभ तेवढाच राहणार होता. तिथून निघायला काही हरकत नव्हती, पण तिचा पाय निघेना.

"तुमचं स्वतःचं काय लिहिलंत, सुल्माबाई?" पिरिसने विचारलं.

"दोन," ती बोलून गेली.

"अस्सं. कोण आलं होतं?"

"तुमच्याकडे जे आलं होतं, तेच."

पिरिसची मान लाल झाली. त्याने थर्मास या काखेतून त्या काखेत घेतला. तो आता दार लावून घेणार, असं तिला वाटलं. पण तो नाकातून हसला आणि मग बराच वेळ हसत राहिला.

"रविवारी विचारायला या," तो म्हणाला. "रविवारचं उत्तर अजून ठरलेलं नाही. फक्त मला स्वयंपाक येत नाही हो."

"ते दिसतं खिडकीतून. तुम्हीच या माझ्याकडे."

शुक्रवारी वर्गात पहिला स्तंभ कागदात मावत नव्हता, म्हणून सुल्माने वर आणखी एक पट्टी चिकटवली होती. यामिलाबाईंनी त्या पट्टीवरून बोट फिरवलं.

"हां, आता खरं दिसतंय. आणि हे तिसावं घर कोणाचं?"

"माझं. एक," सुल्मा म्हणाली. यावेळी कोणी हसलं नाही. मागच्या बाकावरच्या एका बाईने उगाचच वही बंद करून पुन्हा उघडली.

रविवारी सकाळी तिने बटाटे ओट्यावर काढले आणि तिचा हात थांबला. तिघांचं माप तिच्या हातात मुरलेलं होतं. लग्न करून आली तेव्हा सासू होती, सासू गेली त्याच महिन्यात मुलगा झाला, तिघांचे तिघेच राहिले. एकाचं माप तिला मागाहून, रडत रडत जमलं होतं. दोघांचं माप मात्र तिच्या हातात आयुष्यात कधी बसलं नव्हतं. तिने तीन बटाटे घेतले, एक परत ठेवला, पुन्हा उचलला. मग हात झग्याला पुसत तिने खिडकी उघडली.

"पिरिस! अहो पिरिस!"

समोरची खिडकी उघडली. तो अर्धवट दाढी केलेला, गालाला साबण लागलेला.

"तुम्ही किती बटाटे खाता?"

पिरिस वस्तरा हातात धरून विचार करू लागला. "कधी मोजलेच नाहीत हो," तो म्हणाला. "आज मोजू."