चेंडू अजून वरच आहे

चेंडू वर गेला की खाली येतो, असं शाळेत शिकवतात. शिकवोत बापडे. माझ्या भाच्यानं मारलेला एक चेंडू वर गेला तो सतरा वर्षं खाली आला नाही, आणि तो जाताना मी समोरच बाकावर बसून शेंगा सोलत होतो. ज्याला हे खोटं वाटतं त्याला माझा आग्रह नाही. ज्याला खरं वाटतं त्यानं सवडीनं यावं, माझ्याकडे आणखीही माल आहे.

भाचा म्हणजे माझ्या ताईचा एकुलता एक. उंची अशी की घरात शिरताना आधी चौकटीचा आवाज यायचा आणि मग त्याचा. सगळे त्याला बांबू म्हणत. पाण्याच्या टाकीमागं मातीचं एक टेनिस कोर्ट होतं, चुन्याच्या रेषा रोज सकाळी मारायच्या आणि संध्याकाळपर्यंत बुटांनी पुसायच्या असं. तिथंच तो लहानाचा मोठा झाला. मोठा म्हणजे जरा जास्तच झाला.

त्या कोर्टावर त्याला हरवणारं माणूस एकच, चष्मेवाल्याची मुलगी. तिची नजर अशी की समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या शर्टाचं कितवं बटण तुटलंय ते ती दुकानात बसून सांगायची. म्हणून तिचं नाव पडलं घार. तिचे वडील कपाळाला हात लावायचे. म्हणायचे, "हिला दुकानात बसवावं तर गिऱ्हाइकाला स्वतःच्या डोळ्यांची लाज वाटते."

दोघांचं एकमेकांवर मन आहे हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. बोलायचं कोणी आधी, एवढ्यावर गाडी अडली होती. रेषेच्या आत का बाहेर यावर तासभर भांडतील, पण त्या विषयावर दोघांची दातखिळी.

मग बांबूची निवड झाली. बाहेरदेशी जायचं, गावोगाव फिरून स्पर्धा खेळायच्या, पोट त्यावरच भरायचं. पहाटेची बस. आदल्या संध्याकाळी दोघं शेवटचा सामना खेळायला कोर्टावर आली. मी बाकावर होतोच. खेळ बरोबरीत आला, उजेड उतरायला लागला, तेव्हा घार जाळीपाशी येऊन म्हणाली, "आता पुढचा पॉइंट ज्याचा, सामना त्याचा. आणि पैज लावायची."

"कसली?"

"तू जिंकलास तर मी येते तुझ्याबरोबर, जाशील तिथं. मी जिंकले तर तू जायचं नाहीस. इथंच राहायचं, दुकानात काचा घासायला."

बांबू बराच वेळ बुटाच्या नाडीशी खेळत राहिला. मग म्हणाला, "चालेल."

मी शेंग तोंडात टाकायची विसरलो. कोणीही जिंको, लग्न ठरलेलंच. प्रश्न उरला होता तो फक्त बिऱ्हाड कुठं करायचं याचा. इतकी शहाणी पैज मी आयुष्यात दुसरी ऐकली नाही. आणि असल्या पैजेतही दोघं हरू शकतात, हे मला तोवर माहीत नव्हतं.

पॉइंट सुरू झाला. खूप लांबला. शेवटी घार जाळीजवळ धावून आली आणि बांबूनं लॉब मारला. लॉब म्हणजे समोरचा पुढं आला की त्याच्या डोक्यावरून मागं टाकायचा उंच फटका. पण यानं त्या फटक्यात काय काय भरलं होतं देव जाणे. रॅकेटचा आवाज टाकीवर आपटून परत आला. चेंडू टाकीच्या वर गेला, उडत्या पाखरांच्या वर गेला, उन्हाची शेवटची तिरीप होती तिथं एकदा पिवळा चमकला आणि दिसेनासा झाला. घार धावत मागं गेली, शेवटच्या रेषेशी थांबली, रॅकेट उचलून, मान वर करून.

आम्ही थांबलो. अंधार पडला. डास आले. चेंडू आला नाही.

मी म्हटलं, "अरे पोरांनो, दुसरा चेंडू घ्या आणि पुन्हा खेळा."

दोघांनी माझ्याकडे असं बघितलं जसं मी देव्हाऱ्यात चपला घालून शिरलोय.

"चेंडू टप्पा पडत नाही तोवर पॉइंट चालू असतो, मामा," बांबू म्हणाला.

"चालू पॉइंट सोडायचा नसतो," घार म्हणाली.

या दोघांच्या नियमांच्या नादापुढं मी तिथंच हात टेकले. पहाटेच्या बसला ती आली, पण बसपासून लांब उभी राहिली. निकाल लागला नव्हता, त्यामुळे चढता येईना, त्याला उतर म्हणता येईना. तो खिडकीतून म्हणाला, "पडला की कळव." तिनं मान हलवली. आभाळाकडे बघतच.

पुढची वर्षं बांबूनं कशी काढली ते लोकांना पेपरातून थोडंफार माहीत आहे, पण पेपरात मोजे येत नाहीत. दर आठवड्याला नवं गाव, नवी खोली, त्या खोलीतल्या बेसिनमध्ये धुतलेले तेच मोजे. सोबतीला दुहेरीतला जोडीदार, जो इतका घोरायचा की शेजारच्या खोलीतले लोक पाऊस आला म्हणून खिडक्या लावायचे. पहिल्या फेरीत हरला तर दुसऱ्या दिवशी बॅग भरायची. जिंकला तर दोन दिवसांनी. सर्व्हिस करण्याआधी तो एकदा वर बघायचा. कोणी म्हणे देवाचं नाव घेतो, कोणी म्हणे ऊन बघतो. बंदिस्त मैदानात छताकडे बघायला लागला तेव्हा मात्र लोकांनी तर्क करणं सोडलं.

दर रविवारी तो दुकानात फोन करायचा. मी तिथंच असायचो, चष्म्याची काडी सैल झाली हे निमित्त मला आयुष्यभर पुरलं.

"पडला का?"

"नाही अजून."

"नीट बघतेस ना?"

"नाही, डोळे मिटून उभी असते रोज. तू सांग, खिडकीतून काय दिसतंय?"

"भिंत."

"मागच्या रविवारी पण भिंतच होती."

"ती वेगळ्या देशातली होती."

"तिथं म्हणे समुद्र आहे."

"असेल. विमानतळावरून इकडे येताना मी वर बघत होतो."

फोन ठेवला की ती काच पुसायला घ्यायची, आधीच स्वच्छ असलेली. संध्याकाळी शटर ओढून रॅकेट घेऊन कोर्टावर जायची आणि शेवटच्या रेषेशी उभी राहायची. पावसात छत्री घेऊन. थंडीत वडिलांचा कोट घालून. अधूनमधून स्थळं यायची. पाहुण्यांनी विचारावं, "मुलगी सध्या काय करते?" आणि चष्मेवाल्या काकांनी, तिच्या वडलांनी, चहा ढवळत सांगावं, "एका चेंडूची वाट बघते." पाहुणे बिस्किटं संपवून निघून जायचे. एकानं तर चष्माही करून घेतला, पण तो परत आला नाही. चष्मा चांगला निघाला असणार.

एकदाच बांबू मोठ्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोचला. दुकानात टीव्ही लावला, गल्ली गोळा झाली. समोरचा खेळाडू बेरकी. याच्या भात्यात लॉब नाही हे त्यानं ओळखलं होतं. एवढ्या वर्षांत बांबूनं पुन्हा लॉब मारलाच नव्हता. तो गडी जाळीवर हनुवटी ठेवायचीच काय ती बाकी, इतका पुढं येऊन उभा राहायला लागला. मागं सगळं कोर्ट मोकळं. शेवटच्या पॉइंटला तर चष्मेवाले काकासुद्धा "वरून टाक, वरून" म्हणाले, ज्यांना टेनिस आणि कॅरममधला फरक ठाऊक नव्हता. बांबूनं वर बघितलं. आणि चेंडू सरळ जाळीत मारला.

घार माझ्या शेजारी उभी होती. ओठांतल्या ओठांत म्हणाली, "मार ना रे." तेव्हा तर सामना संपलाही होता.

रविवारी तिनं विचारलं, "का नाही मारलास?"

"एक वर असताना दुसरा कसा मारू? दोन्ही एकदम खाली आले तर आपला कुठला ते कसं कळायचं?"

यावर तिनं फोनच ठेवून दिला. खिडकीतून काय दिसतंय तेही त्या रविवारी विचारलं नाही.

सतराव्या वर्षी बांबूचा खांदा जुन्या दारासारखा करकरायला लागला, आणि तो कायमचा परत आला. बॅगेत रॅकेटी, गुडघ्याचे पट्टे आणि एवढ्या देशांतून आणलेले हॉटेलचे छोटे साबण. ताईनं आता तरी लग्नाचं बोला म्हणून डोकं खाल्लं. दोघांचं उत्तर एकच, "निकाल लागल्याशिवाय?" दिवसभर तो दुकानात गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसायचा, ती समोर काचा घासायची. ना तिची नजर पूर्वीसारखी राहिली होती, ना त्याचे केस. संध्याकाळी दोघं कोर्टावर. तो जाळीच्या या बाजूला, ती त्या बाजूला. जाळी ओलांडली की पॉइंट गेला. इतक्या लांबून आलेला माणूस, आणि मधे ही कमरेएवढी जाळी. मी शेंगा आणणं सोडून दिलं होतं.

आणि एका संध्याकाळी, काही ध्यानीमनी नसताना, टाकीच्या वर एक ठिपका दिसला.

आधी मला माशी वाटली. मग शीळ ऐकू आली, लांबून कोणी हाक मारावी तशी. घारीनं चष्मा नाकावर सारखा केला. हो, तिलाही लागला होता, आणि गल्लीत कोणी हसलं नव्हतं. बांबू जाळीपाशी येऊन उभा राहिला, हात दोन्ही बाजूंना लोंबत. चेंडू येत होता. वरची सगळी लव झडून गेलेली, उन्हानं पांढरा पडलेला, म्हाताऱ्याच्या टकलासारखा.

तिनं नुसता सोडून दिला असता तर रेषेबाहेर वीतभर पडला असता. हे मला बाकावरून दिसत होतं, तर तिला दिसलं नसेल असं कोण म्हणेल? पॉइंट तिचा, सामना तिचा. पैजेप्रमाणे बांबू इथंच राहिला असता, तिच्या शेजारी, काचा घासत. सतरा वर्षं जे मागितलं ते एका टप्प्याच्या अंतरावर होतं.

ती एक पाऊल मागं सरली. आणि टप्पा पडायच्या आत तिनं तो चेंडू वरच्या वर मारला, सरळ आभाळात. टाकी हादरली. पाखरं उडाली. चेंडू पुन्हा दिसेनासा झाला.



"हे काय केलंस?" बांबूनं विचारलं. रागानं नाही. हातातलं सांडलेल्या लहान मुलासारखं.

"पॉइंट चालू आहे," ती म्हणाली. जाळीपाशी आली. इतक्या जवळ ती दोघं त्या कोर्टावर कधीच आली नव्हती. "आता तुझ्या बाजूला पडेल. सतरा वर्षं विचारत होते, काय दिसतंय, काय दिसतंय. तू सांगायचास, भिंत. आता मी बघून येते. तोवर तू थांब इथं."

"आणि मी काय करू?"

"वर बघ. ते तुला चांगलं जमतं."

डोळे तिचे भरले होते, पण ओठ हसत होते. मला वाटतं, त्याचंही तसंच काहीतरी. माझ्या चष्म्याची काडी नेमकी तेव्हाच सैल झाली.

ती गेली. त्याच पहाटेच्या बसनं. या खेपेला बसपासून लांब उभा राहिला तो बांबू.

आता दुकानात तो बसतो. काचा बऱ्या घासतो, फक्त तपासणीचा तक्ता त्याच्या उंचीला लावल्यामुळे गिऱ्हाइकांना मान वर करूनच अक्षरं वाचावी लागतात. संध्याकाळी शटर ओढतो आणि आपल्या बाजूच्या रेषेशी जाऊन उभा राहतो, काकांचा तोच कोट घालून. बाह्या कोपरापर्यंतच येतात. दर रविवारी फोन वाजतो.

"पडला का?"

"नाही अजून. काय दिसतंय?"

आणि ती सांगते. समुद्र निळा नसतो म्हणते, जवळून बघितला तर त्यात करडा असतो, हिरवा असतो, आणि एक असा रंग असतो ज्याला दुकानातल्या कुठल्याच काचेचं नाव देता येत नाही. बंदरावर दोर वळणारी एक बाई आहे, तिच्या बोटांवर दोराचीच नक्षी उठलीय. एका गावात सगळ्या खिडक्यांना हिरवी दारं आहेत आणि एकाच घराला पिवळं. बांबू ऐकत असतो, फोन दोन्ही हातांनी धरून. या गावांतून तो स्वतः कितीदा गेला होता. त्यानं यातलं काही पाहिलं नव्हतं. कधी मधेच विचारतो, "येतेस कधी?" आणि मग तिच्या उत्तराआधी स्वतःच म्हणतो, "बरं, बरं. पॉइंट चालू आहे."

मागच्या मंगळवारी मी कोर्टावर गेलो होतो. कित्येक वर्षांनी शेंगा घेऊन. शीळ मी आधी ऐकली, त्यानं नंतर. चेंडू त्याच्या बाजूला येत होता, अगदी डोक्यावर, हात वर केला तर सापडेल असा. परत मारला असता तर आणखी किती वर्षं गेली असती कोण जाणे. आणि जमिनीवर पडू द्यायला त्याचं मन होईना, हेही मला दिसत होतं. त्यानं रॅकेट खाली टाकली आणि तो चेंडू दोन्ही हातांत धरला. तापलेला असणार, कारण तो या हातातून त्या हातात घेत राहिला. हातात धरला म्हणजे पॉइंट गेला. सामना घारीचा. आता नुसतं कळवायचं, आणि पहिल्या बसनं ती घरी.

"लागला बाबा निकाल एकदाचा," मी म्हटलं.

त्यानं चेंडू कोटाच्या खिशात घातला आणि दुकानात आणून भिंगांच्या खणात ठेवला.

रविवारी फोन वाजला. मी काडी घेऊन हजर होतोच.

"पडला का?" तिनं विचारलं. आवाजात वारा होता. म्हणाली, उद्या डोंगरावर चढायचंय, वरून म्हणे दोन समुद्र एकदम दिसतात.

बांबूनं खण थोडा उघडला. आत बघितलं. मग हलकेच, आवाज होणार नाही असा, बंद केला.

"नाही अजून," तो म्हणाला. "तू चढ. वर पोचलीस की सांग, कुठला समुद्र कुठं सुरू होतो."