एकदा माझ्यावर झोपून पाहा

मला बोलायचं नव्हतं. दीक्षा मॅडमनं माझ्या दांड्यावर कागद चिकटवला, वर लिहिलं 'मी स्ट्रेचर बोलतोय', आणि खालची जागा मोकळी सोडली. म्हणे नव्यानं कामाला लागलेल्या लोकांना माझी ओळख व्हावी. ओळख कसली कपाळाची. लोखंडाच्या नळ्या आणि चार चाकं, यात काय ओळखायचं? पण बाई हट्टी आहे. तेव्हा ऐका, आणि मधे बोलू नका.

हिंगण्याच्या एका शेडमध्ये मी जन्मलो. नळ्या कापल्या, जोडल्या, वर पांढरा रंग फासला. तीन चाकं एका जातीची मिळाली, चौथं कुठून तरी उचलून आणलं. ते अजून कुरकुरतं. कुरकुरू दे, मीही कुरकुरतो. धरमपेठेतल्या एका खाजगी दवाखान्यात मला आणलं, आणि तेव्हापासून मी माणसं आडवी नेली. मे महिन्यात ऊन लागलेली, गाडीवरून पडलेली, अडलेल्या बाया, गप्प पडलेले म्हातारे.

आडव्या माणसाला काय दिसतं, हे ढकलणाऱ्याला ठाऊक नसतं. त्याला छत दिसतं. एक ट्यूबलाइट येते, जाते, मग दुसरी येते. मधेच कुणाची तरी हनुवटी. आपण कुठं चाललो हे कुणी सांगत नाही. नातेवाईक माझ्या दांड्याला डब्याची पिशवी अडकवतात, ढकलणारा फोनवर बोलत असतो, आणि लिफ्टच्या उंबऱ्यावर चाक आदळलं की आडव्या माणसाचा हात माझी कड शोधतो. असं लई जणांनी मला धरलंय. बोललं कुणीच नाही.

मग बटण दाबलं की वरखाली होणारे नवे स्ट्रेचर आले आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. माझ्यावर फरशी पुसायचे पोछे वाळत घालायचे. वाळत घाला, मी काय म्हणणार.

यंदा दवाखान्याची नवी इमारत झाली. वॉर्डात कामाला नवी माणसं घेतली. त्यांना शिकवायचं कसं, हे ठरवायचं काम दीक्षा मॅडमचं. पण मॅनेजर रजत साहेबांनी आधीच ठरवून टाकलं होतं. सगळ्यांच्या मोबाइलवर व्हिडिओ पाठवायचे, ते बघून झाले की मोबाइलवरच परीक्षा. पास झाला तो कामाला, नापास झाला तो घरी. कुणाला वेळ द्यायला नको, जागा नको.

सगळे पास झाले. सौरव नावाचा पोरगा हुशार, त्यानं उत्तरं ग्रुपवर टाकली आणि बाकीच्यांनी ती पाहून बटणं दाबली. नापास झाला एकटा नत्थू. उमरेडचा माणूस, हातमागावर उभी हयात गेली, माग बंद पडला म्हणून या वयात इकडं आला. त्याला ग्रुप उघडायचा कसा हेच माहीत नव्हतं. प्रश्न वाचेपर्यंत वेळ संपली. रजत साहेबांनी सांगितलं, उद्यापासून येऊ नको.

तो जिन्याखाली येऊन माझ्या शेजारी बसला. इंदूबाई, म्हणजे इथली सगळ्यात जुनी आया, तिनं त्याला चहा आणून दिला. तो म्हणाला, "बाई, घरी काय सांगू? या वयात मले कोण ठेवते?" एरवी बाईचं तोंड बंद होत नाही, तेव्हा मात्र तिनं आपल्या कपातला चहाही त्याच्या कपात ओतला.

तेवढ्यात दीक्षा मॅडम नत्थूला शोधत आल्या. त्यांना ते व्हिडिओचं काही पटत नव्हतं, पण दुसरं काय करायचं तेही सुचत नव्हतं. त्यांनी सहज इंदूबाईला विचारलं, तुम्ही हे काम कशा शिकल्या?

"मी कायची शिकली मॅडम. मले शिव्या भेटल्या," इंदूबाई म्हणाली. "मंग माह्यं पोटाचं ऑपरेशन झालं तं याच्यावर झोपली. तवा समजलं का मी लोकाइले कशी नेत होती."

मॅडम माझ्याकडं बघत राहिल्या. मग स्वतःच्या हातानं पोछे बाजूला केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळ्या नव्या लोकांना उताराच्या रस्त्यापाशी बोलावलं. नत्थूलाही. म्हणाल्या, एकेकानं या स्ट्रेचरवर झोपायचं, दुसऱ्यानं ढकलायचं.

कुणी पुढं येईना. मी म्हटलं झालं, माझे डाग पाहून घाबरले. पण तसं नव्हतं. धडधाकट माणसानं स्ट्रेचरवर झोपणं म्हणजे अपशकुन. एकजण म्हणाला, आज शनिवार आहे. सौरव म्हणाला, मायनं ऐकलं तर घरात घेणार नाही. मोबाइलवर शंभर टक्के मिळवणारी माणसं ही.

तेव्हा मॅडमनं चपला काढल्या आणि स्वतः माझ्यावर आडव्या झाल्या. आता ढकलणार कोण? नत्थू पुढं आला. त्याचं काय जाणार होतं.

खोटं कशाला सांगू, नत्थूनं वाईट ढकललं. उतारावर त्यांचं डोकं पुढं करून, म्हणजे डोकं खाली पाय वर असं नेलं, लिफ्टच्या उंबऱ्यावर असं आदळलं की माझं कुरकुरणारं चाकही गप्प झालं. मॅडमचा हात माझ्या कडेवर आला. त्या उतरल्या तेव्हा तोंडावरचा रंग गेला होता. पण बोलल्या एवढंच, "आता तुम्ही झोपा. सौरव, तू ढकल."

सौरवनंही डोकं पुढंच ठेवलं. वर मित्राशी क्रिकेटच्या गोष्टी. नत्थू खालून छत बघत होता. उतरल्यावर तो चपला घालायचंही विसरला.

"मले वाटलं मी सामान हाओ," तो म्हणाला.

मग सौरव न सांगता माझ्यावर येऊन झोपला. शनिवार असून. यावेळी नत्थूनं मला फिरवून घेतलं, पाय पुढं, डोकं चढाकडं. उंबऱ्याआधी थांबला, वाकला, म्हणाला, "आता जरासा हिसका बसन, भेऊ नको गा." आणि हळूच पार नेलं. इतक्या वर्षांत उंबरा येण्याआधी कुणी सांगितल्याचं मला तरी आठवत नाही.

तेवढ्यात रजत साहेब आले. हे ट्रेनिंग चाललंय की तमाशा, हा माणूस अजून इथं काहून, आणि हे भंगार बाहेर कुणी काढलं? असं म्हणत बुटानं माझ्या चाकाला लाथ मारली.

मॅडमनं आवाज चढवला नाही. त्यांनी सगळ्यांना विचारलं, उतारावर डोकं कोणत्या बाजूला ठेवायचं, हा प्रश्न परीक्षेत होता ना? होता. किती जणांचं बरोबर आलं? नत्थू सोडून सगळ्यांचे हात वर.

"आणि सर, आज ढकलणाऱ्या दोघांनीही उतारावर पहिल्यांदा चुकीचंच नेलं," त्या नत्थूकडं हात करून म्हणाल्या. "चूक कळल्यावर सुधारलं ते यांनी. यांनाच घरी पाठवायचं का?"

साहेब पाठ फिरवून निघून गेले. पण दुपारी त्यांनी नत्थूला उतारापाशीच बोलावून घेतलं. महिनाभर काम बघू, मोबाइलवर नाही, वॉर्डात बघू, असं सांगितलं. आणि माझ्यासमोर, सगळ्यांसमोर म्हणाले, चुकलं माझं.

महिना झाला. नत्थू आहे.

व्हिडिओ मात्र गेले नाहीत. मला वाटलं होतं जातील. पण हात कसे धुवायचे, सुई कोणत्या डब्यात टाकायची, हे मी काय शिकवणार, मला हातच नाहीत. ते आता सगळे मिळून मोठ्या पडद्यावर बघतात, मधे थांबवून विचारतात. नातेवाइकांशी बोलायचं कसं हे इंदूबाईमागं आठवडाभर हिंडून शिकायचं, आणि तिनं शिव्या द्यायच्या नाहीत असं ठरलंय. पाळते ती, जेवणाच्या सुट्टीपर्यंत. आणि माणूस न्यायचा कसा, ते माझ्यावर झोपून.

तेव्हा नव्या लोकांनो, चपला काढा आणि या. वार बघू नका. छताकडं बघा, आणि तुम्हाला कुठं नेतायत हे कुणी सांगतं का याची वाट बघा. पुढचं आपोआप कळेल.

माझं म्हणाल तर बरं चाललंय. पोछे वाळत नाहीत आता माझ्यावर. पण लाथ बसलेलं चाक डावीकडं ओढतं. ज्यानं मारली त्यानं नत्थूची माफी मागितली, शोभून दिसली. माझी राहिली. झोपायची भीती वाटत असेल तर उभ्यानं मागितली तरी चालेल. रोज समोरून नजर चुकवून जातो, तोच तो. रजत.