पलंगावरचे भोपळे

लग्न होऊन मी त्या घरात आले, तेव्हा आमच्या पलंगावर भोपळे झोपले होते.

ओंजळीत मावतील एवढे, शेंदरी, गोड जातीचे. सासूबाई ते परसात लावत, उन्हात वाळवत आणि घरातल्या सगळ्यात कोरड्या, थंड, हवेशीर खोलीत ठेवत. ती खोली नेमकी आमची.

"फरशीवर ओल धरतात," त्या म्हणाल्या. "आणि एकमेकांना चिकटले तर एकाची सड दुसऱ्याला लागते. तुमचं काय, कुठंही पडाल."

"आम्ही चिकटलो तर चालेल ना?" ह्यांनी विचारलं. माझी मान वर होईना.

आम्ही ओट्याखाली झोपू लागलो. दुसऱ्या पलंगावरही भोपळेच, म्हणून मामंजी खुर्चीत आणि नणंद कपड्यांच्या कपाटात. तिला तिथं बरं वाटे. दार लावलं की कुणाची कटकट नाही. पाहुणे आले की सासूबाई आमचं दार किलकिलं करून म्हणत, "हळू बोला." पाहुणेही बिचारे कुजबुजत.

मामंजींची मान धरली, तेव्हा डॉक्टरांना आधी भोपळ्यांकडे नेलं. "हा कोपऱ्यातला जरा मऊ लागतोय." डॉक्टरांनी टिचकी मारली. "ठणठणीत आहे. यांना मात्र पलंगावर झोपवा."

"पलंग रिकामा कुठाय?" सासूबाई म्हणाल्या.

मला तर कधी पलंग मिळेल असं दिसेना. भोपळे कापायचं नाव काढलं की त्या म्हणत, "थांब, ठेवल्यावर गोडी वाढते." गोडी वाढेपर्यंत परसात नवे तयार.

एके दिवशी मामंजींनी अवघडलेल्या मानेनं चष्मा शोधताना भोपळाच उचलला, तोही देठाला धरून. देठ हातात आला.

घरात सुतक पडल्यासारखं झालं. देठ मोडलेला भोपळा टिकत नाही, त्याच दिवशी खायचा, हा सासूबाईंचाच कायदा. डोळे पुसत त्यांनी तो चिरला, बिया काढल्या, सालासकट भाजला. या जातीचं साल लोण्यासारखं मऊ होतं. पहिला घास त्यांनी घेतला, मग दुसरा, मग तिसरा.

"इतकी वर्षं नुसतेच सांभाळले की गं," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आणखी एकाचा देठ मोडलेला. मग रोजच. मामंजी शपथा घेत, "मी नाही!" नणंदेनं उंदरासाठी सापळा लावला. इकडे मामंजींचा पलंग मोकळा झाला, मग आमचा पायथ्याकडून होत गेला, तशी माझी आशा उशीकडे सरकू लागली.

शेवटचा उशीवरच होता. मी केरसुणी घेऊन आत गेले, तर सासूबाई पाठमोऱ्या उभ्या. कट्‌ असा आवाज झाला. देठ त्यांच्या मुठीत.

"बघतेस काय?" त्या म्हणाल्या. "मोडलाय देठ. भाजायला घे. आणि चादर बदल."

त्या दुपारी आम्ही दोघं पलंगावर आडवे झालो. भीतीनं मधे वीतभर जागा सोडली होती. दाराबाहेरून सासूबाईंचा आवाज आला,

"आता चिकटलात तरी चालेल!"