अंगाईची दुसरी ओळ

रुपाबाईनं फोन कुकरला टेकवून उभा केला, पदर डोक्यावर सारखा केला आणि पडद्यावरच्या गोऱ्या चेहऱ्यांकडे पाहून हात जोडले.

"आई, ही सगळी माझ्या वर्गातली," सायली तिकडून म्हणाली.

तिकडून म्हणजे पोलंडमधल्या क्राको शहरातून. सायली तिथं नोकरीला गेली आणि शेजारणीच्या नादानं दर गुरुवारी यिद्दिश भाषा शिकायला जाऊ लागली. एके काळी तिथले ज्यू लोक घरोघरी ती बोलत. हिटलरच्या राज्यात ती माणसंच मारली गेली. जी वाचली, त्यांतल्या कितीकांनी भीतीपोटी पोरांनाही सांगितलं नाही, की आपण ज्यू आहोत. आता नातवंडं हौसेनं शिकत होती. पुढं बसलेल्या पिकल्या केसांच्या हान्नाबाईंना तर आई गेल्यावर, साठी उलटल्यावर हे कळलं. त्या आता मुळाक्षरं गिरवत होत्या.

आज प्रत्येकानं आपल्या घरची अंगाई ऐकवायची होती. सायलीनं त्यासाठी आईलाच फोन लावला होता.

रुपाबाईची अंगाई बंजाऱ्यांच्या गोरबोलीतली. सायली बोलायला लागली तशी ती बोली घरातून गेली. रुपाबाईच्या नवऱ्यानं, प्रेमसिंग मास्तरांनी, तांडा सोडून मालेगावात घर बांधलं आणि दंडकच घातला, की पोरीच्या कानावर शुद्ध मराठीच पडली पाहिजे. स्वतः मात्र दार लोटून बायकोशी गोरबोलीतच बोलायचे. ते वारले आणि रुपाबाईला त्या बोलीत बोलायला कुणी उरलं नाही. उतू जाणाऱ्या दुधाला रागवायची, तेवढंच. आणि लेक परक्यांच्या आजीची भाषा शिकत होती. काखेत कळसा अन् गावाला वळसा, दुसरं काय! पण तिला राग नव्हता. हान्नाबाईंचा हेवा वाटत होता. त्यांना बोलायला कितीतरी माणसं होती.

तिनं पहिली ओळ म्हटली. आवाज चिरकला, तरी ओळ पुरी केली. हान्नाबाईंनी डोळे पुसले.

"तुले समजलं काय व?" रुपाबाईनं लेकीला विचारलं.

"नाही गं आई. पण किती गोड आहे! तू बरी आहेस ना?"

"मी बरी आहो. माही काळजी नोको करू."

दर वेळी मराठीत ती हेच सांगायची. आज मात्र जिभेवर गोरबोली चढली होती, आणि त्या बोलीत तिला खोटं बोलायची सवय नव्हती. करमत नाही गं मला, एकदा येऊन जा, असं ती गोरबोलीत बोलून गेली.

सायलीचा चेहरा खुलला.

"ही दुसरी ओळ का? थांब, रेकॉर्ड करते. पुन्हा म्हण ना!"

सगळा वर्ग कान देऊन बसला होता. रुपाबाईनं तेच वाक्य पुन्हा म्हटलं, या वेळी चालीवर.